एकशे ऐंशी फूट

गाडी तिरुचेंगोडहून आलेली, पोरंही तिकडचीच.
त्यांच्यातल्या पेरुमाळला थोडं तेलुगू येत होतं
म्हणून मला बोलावलं, मधे बोलायला.
कुंभारीच्या घरकुलात, मे महिन्यात, रात्री साडेनऊला
नारळ फुटला आणि दगडाचं पीठ उडायला लागलं.

काळी माती दोन हात, मग मुरूम, मग काळा.
नुसता काळा.
पत्र्यांवर, वाळत घातलेल्या परकरांवर,
भिजवून ठेवलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर राखेची साय.
रत्नव्वा कावली: उद्या चेकरनं छाट मारली
तर विड्या कुणाच्या पदरात घालू?
पण उठली नाही. आम्ही कुणीच उठलो नाही.
सुपं मांडीवर घेऊन मशीनच्या दिव्यात वळत बसलो.
त्या उजेडात दोरा नीट दिसत होता, तेवढं बरं.

वीस फुटांची एक दांडी.
दांडी गेली की पेरुमाळ टायरवर खडूनं रेघ मारायचा.
नववी रेघ मारली आणि धूर लाल झाला.

जुलेखा म्हणाली, या अल्ला, कुणाला लागलं?
कुणाला नव्हतं लागलं.
पेरुमाळनं तोंड वाकडं केलं. लाल माती वाईट,
भोक ढासळतं.

वेणू, माझ्या बहिणीचा, केगावला दगडांचं शिकतो.
टोपली घेऊन धावला, हवेतली माती धरायला.
परत आला तो भुवयांपर्यंत लाल.
मावशी, हा सगळा दगड एकदा रस होता की,
काहिलीतल्या गुळासारखा, थरावर थर ओतलेला.
आणि दोन ओतण्यांच्या मधे कधी आग थांबायची.
इतकी थांबायची की वरचा दगड कुजून माती व्हायचा.
पाऊस पडला असेल तिच्यावर, काहीबाही उगवलं असेल,
फिरलं असेल कुणी, तीन बोटांचं, घराएवढं.
मग दुसरा रस आला, आणि ती मातीच भाजून निघाली.

किती वर्षं झाली रे?
सहा कोटी साठ लाख. थोडं इकडंतिकडं.

कोटी म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात.
माझे नाही झाले.
दिवसाला हजार, वर्षाला तीनशे दिवस, चाळीस वर्षं:
एक कोटी वीस लाख विड्या या अंगठ्यांखालून गेल्या.
वर्षाला एक विडी धरली
तर मी एकटी त्या आगीपर्यंत पोचत नाही.
पण रत्नव्वा आहे, जुलेखा, इरम्मा, सुशिलाबाई आहेत,
आणि रत्नव्वाची सून. वीसच वर्षं झाली तिला, ती अर्धी.
साडेपाच बायका.
आमच्या एका ओळीनं तेवढी वर्षं वळली, दोरा बांधला,
कट्टे मोजून देऊन टाकले.
कुणीकुणी ती ओढली. राख कुठं झटकली, माहीत नाही.

हे वेणूला सांगितलं नाही. वहीत लिहिलं असतं त्यानं.

पहाटे तीनला, तीनशे साठ फुटांवर, पीठ ओलं झालं.
पाणी म्हणावं तर ओळीच्या चहापुरतं.
पेरुमाळनं टायरवरच्या अठरा रेघा पुसल्या,
बिलात मात्र धरल्या.
गाडी गेल्यावर भोकावर आम्ही एक फुटका पाटा पालथा घातला,
पोरांनी आत काही टाकू नये म्हणून.
तोही काळाच.

टोपलीतली लाल माती अर्धी वेणूनं नेली,
तंबाखूच्या पुड्यात, वर '१८० फूट' लिहून.
उरलेली मी परातीत कालवली.
किती पाणी प्याली. बुडबुडे काढत, घोट घोट,
जशी कुणी दार उघडायचीच वाट बघत होती.
उंबऱ्याला लावली, दारापुढं हातभर सारवलं.
कडेनं पांढरी रेघ ओढणार, इतक्यात
इरम्माची कोंबडी ओल्यावरूनच चालत गेली.

तीन बोटं पुढं. पुन्हा तीन बोटं.

पुसायला फडकं उचललं होतं मी.
ते तसंच हातात राहिलं.
ती पलीकडं पानांचे तुकडे टोचत होती,
मान वाकडी करून, एका डोळ्यानं
माझ्याकडं बघत.